अकरा पावलं

“...पण माझा निवाडा बरोबर होता की नाही, एवढंच सांगा.”

ओबिदिके हे तिसऱ्यांदा विचारत होता.

म्हातारा अझुका खलात कसलीशी साल कुटत होता. त्याने मान वर केली नाही.

“बरोबर होता,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय?”

“मग अदाकू तुमच्याकडे का आली? जमीन तिला मी मिळवून दिली. तिच्या दिराला कैदेत धाडलं. जिंकलेली बाई दुसऱ्याच्या दारात रडायला कशी जाते?”

अझुकाने चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली. अजून भरड होती. तो पुन्हा कुटू लागला...

ओबिदिकेला हे कुटणं पाठ होतं. नऊ वर्षं तो या म्हाताऱ्याचा शिष्य होता. कोणती मुळी तापावर, कोणता पाला जखमेवर, हे तो इथेच शिकला. अझुका उमुदिमा गावचा वैदू. पण लोक त्याच्याकडे नुसते दुखणी घेऊन येत नसत. भांडणंही घेऊन येत.

उमुदिमाला राजा नव्हता, कधी नव्हताच. तंटा झाला की बाजारतळावरच्या सावरीच्या झाडाखाली सगळे जमत. ज्याला बोलायचं तो बोले. बोलणं संपेपर्यंत कुणी उठत नसे. कधी दुपारपर्यंत आटपे, कधी चार-चार दिवस चाले. अझुका मधे बसे आणि बहुतेक वेळ गप्प असे.

मग नदीकाठी गोऱ्या साहेबाचं ठाणं झालं. एक दिवस साहेब डोलीतून उमुदिमात आला. त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, “इथला राजा कोण?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणाला हसू आलं, कुणाला प्रश्नच कळला नाही.

ओबिदिके तेव्हा ठाण्यावर दोन वर्षं काढून आला होता. साहेबाची भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती. दुभाष्याने प्रश्न पुरा सांगायच्या आतच तो उभा राहिला.

एवढंच झालं. तो उभा राहिला आणि बाकीचे बसलेले होते.

साहेबाने त्याला लाल टोपी दिली, शिक्का मारलेली सनद दिली, दोन शिपाई दिले. गावात पत्र्याच्या छपराचं कोर्ट बांधलं गेलं. ओबिदिके उमुदिमाचा मुखिया झाला.

तो वाईट मुखिया नव्हता. हे गावही मानत असे. शेजारच्या गावचा टोपीवाला मुखिया बोकड घेतल्याशिवाय तक्रार ऐकत नसे. ओबिदिकेने कुणाकडून कोंबडीचं पीसही घेतलं नाही. म्हणून तर त्याला आज इतकं लागलं होतं.

तंटा साधा होता. अदाकू विधवा. पदरात दोन मुलगे. तिच्या शेताला लागून तिचा दीर अनेने याचं शेत. मधल्या हद्दीवर ओगिरिसीची झाडं. या झाडाची फांदी तोडून कुठेही रोवली तरी जगते, म्हणून तिकडे शेताच्या हद्दीला तीच लावतात. अनेनेने पेरणीच्या तोंडावर चार फांद्या तोडल्या, जुनी झाडं जमिनीलगत कापून मातीने झाकली आणि त्या फांद्या भावजयीच्या शेतात आत नेऊन रोवल्या. तिने हटकलं, तर तो म्हणाला, हद्द इथेच होती.

ओबिदिके स्वतः शेतावर गेला. माती उकरून त्याने जुन्या झाडांचे बुंधे शोधून काढले. असं डोकं ठाण्यावरच्या कारकुनाचंही चाललं नसतं. कोर्टात त्याने अनेनेला एकच प्रश्न केला.

“हद्द हलवलीस की नाही?”

“तू कोण मला विचारणारा?” अनेने ओरडला. “तुझी नाळ कुठल्या झाडाखाली पुरलीये ते ठाऊक आहे मला!”

“हलवलीस की नाही?”

अनेने पचकन थुंकला. टोपीवाल्या मुखियासमोर थुंकणं म्हणजे साहेबासमोर थुंकणं. शिपायांनी त्याला दोरी लावली आणि महिनाभर गवत कापायला ठाण्यावर नेलं. जमीन अदाकूला मिळाली.

अर्धी सकाळसुद्धा लागली नव्हती.

आणि दुसऱ्याच दिवशी अदाकू अझुकाच्या दारात जाऊन रडली.

“काय म्हणत होती ती?” ओबिदिकेने विचारलं.

“छप्पर गळतंय म्हणाली.”

“छप्पर?”

“दर वर्षी अनेने झावळ्या चढवून द्यायचा. आता त्याची बायको हिच्या हातचं पाणी घेत नाही. पोरं पोरांशी खेळत नाहीत.” अझुकाने खल बाजूला ठेवला. “तिला तंटा पुन्हा चालवायचाय. सावरीखाली.”

“पण निकाल झालाय!”

“झालाय.”

“मग तुम्ही काय चालवणार?”

“काही नाही. अनेने इथे नाहीये.”

“तो महिनाभर यायचा नाही.”

“तर महिनाभर वाट पाहू,” अझुका म्हणाला.

ओबिदिकेला हसू आलं. कंद लावायचे दिवस होते. पहिला पाऊस होऊन गेलेला, माती भुसभुशीत. या दिवसांत कोण कुणाची वाट पाहतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी अझुका सावरीखाली जाऊन बसला.

थोड्या वेळाने अदाकू आली. ती त्याच्यापासून जरा लांब बसली. मग अनेनेची बायको आली आणि अदाकूकडे पाठ करून बसली. दुपारी शेतावरून परतणारे दोन-चार म्हातारे टेकले. संध्याकाळी सगळे उठून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी तिथे चाळीस माणसं होती.

कुणी बोलत नव्हतं. शिपायांनी येऊन विचारलं, ही कसली सभा? सभा नाही, बसलोय, लोक म्हणाले. काय करताय? वाट पाहतोय. कुणाची? अनेनेची.

शिपाई ओबिदिकेकडे आले. “हाकलून देऊ का?”

ओबिदिके कोर्टाच्या दारातून पाहत होता. लोक शिव्या देत नव्हते, कोर्टाकडे बघतही नव्हते. आपल्याकडे कुणी पाहत नाही याचं त्याला जितकं वाईट वाटलं, तितकं अनेने थुंकला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तो सावरीखाली गेला.

“बाबा, लोकांना घरी जायला सांगा. लावणी वाया जाईल.”

“मी कुणाला बोलावलं नाही.”

“तुम्ही उठलात तर उठतील.”

अझुकाने मांडीवर पडलेला पाला झटकला आणि तिथेच बसून राहिला.

“त्याने हद्द हलवली होती. तुम्हीच म्हणालात निवाडा बरोबर आहे.”

“हो.”

“मग त्याला परत आणून करायचं काय?”

“ते तो आल्यावर कळेल...” अझुका म्हणाला.

ओबिदिके तडक घरी गेला. तिथे टोपी घातली, सनद घेतली आणि शिपायांनाही न सांगता ठाण्याच्या वाटेला लागला.

ठाणं दोन दिवसांच्या चालीवर होतं. वाटेत तो मनाशी बोलत होता. अनेनेला मी पाठवलाय, मीच परत आणीन. गावालाही कळेल की हा माणूस बांधू शकतो तसा सोडूही शकतो. निम्म्या वाटेत तर त्याला आपण मोठं काही करतोय असं वाटू लागलं.

ठाण्यावरचा कारकून किनाऱ्याकडचा होता. त्याने सनद पाहिली आणि परत केली.

“साहेब दौऱ्यावर गेलेत. पंधरा दिवस तरी यायचे नाहीत.”

“साहेब कशाला? माणूस माझा आहे. मी सोडतो.”

“तुम्हाला नाही सोडता येणार.”

“मीच पाठवलाय त्याला.”

“पाठवायला तुमचा अंगठा पुरतो,” कारकून म्हणाला. “सोडायला साहेबांची सही लागते.”

ओबिदिकेने सनद उलटीपालटी करून पाहिली. शिक्का होता तिथेच होता...

“भेटता तरी येईल?”

गवताच्या माळावर कैदी ओळीने वाकले होते. अनेने शेवटी होता. तो आधी ओळखूच आला नाही. हगवणीने माणूस निम्मा झाला होता. दर थोड्या वेळाने तो विळा ठेवून झुडपामागे जाई, आणि परत आला की मुकादम त्याच्या पाठीत काठीचं टोक खुपसे.

ओबिदिके वैदूचा शिष्य होता. डोळे पाहूनच त्याला कळलं. असाच राहिला तर महिना पुरा व्हायच्या आधी हा जाईल.

“याला सोडा,” तो मुकादमाला म्हणाला. “मरेल हा.”

“मला संध्याकाळी एकतीस डोकी मोजून द्यायची असतात,” मुकादम म्हणाला. “मेलं तर लिहून देता येतं. कमी भरलं तर माझी चामडी जाते.”

“एकतीस भरली तर?”

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. “भरली तर मला काय? मी तोंडं मोजत नाही.”

ओबिदिकेने माळावरच्या वाकलेल्या पाठी एकदा मोजल्या.

नंतर लोक म्हणत की त्याला त्या क्षणी काहीतरी उमगलं. तसं काही झालं नव्हतं. त्याच्या मनात एवढंच आलं की अनेने इथे मेला, तर सावरीखाली बसलेली माणसं जन्मभर उठायची नाहीत.

त्याने टोपी काढली, सदरा काढला. दोन्ही मुकादमाला दिलं. मग वाकून अनेनेच्या हातातला विळा घेतला.

अनेने त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

“तिखट खाऊ नकोस,” ओबिदिके म्हणाला. “वाटेत पेरूची पानं मिळतील, ती चावत जा. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस.”

“माझे कंद लावून झाले का?” अनेनेने विचारलं.

“नाहीत. कुणाचेच झाले नाहीत. सगळे तुझी वाट पाहतायत.”

अनेनेने ओठ पुसले. आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. तो पाय ओढत चालू लागला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ओबिदिके तेवीस दिवस गवत कापत होता.

पहिल्या चार दिवसांत तळहात फुटले. मग घट्टे पडले. तो आपण कोण हे कुणाला सांगायला गेला नाही. एकदाच सांगावंसं वाटलं. साहेब दौऱ्यावरून परतला तेव्हा माळावरून चालत गेला. ओबिदिकेपासून हाताच्या अंतरावर तो थांबला, बुटाला लागलेलं गवत झटकलं, आणि पुढे गेला. याच साहेबाने स्वतःच्या हाताने त्याला टोपी घातली होती.

ओबिदिकेने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.

महिना भरला त्या सकाळी मुकादमाने हाक मारली, “अनेने, सुटलास.”

“हो,” ओबिदिके म्हणाला.

सदरा परत मिळाला. टोपी मिळाली नाही. मुकादम म्हणाला, साहेब तुझ्या गावाला जाऊन आला. मुखिया जागेवर नव्हता म्हणून खवळला. टोपी आता दुसऱ्या कुणाला दिलीये.

कुणाला, ते ओबिदिकेने विचारलं नाही. तो चालू लागला.

उमुदिमात शिरताना त्याने शेतांकडे पाहिलं. लावणी झालेली होती. अनेनेच्या शेतात, अदाकूच्या शेतात, सगळीकडे मातीचे गोल उंचवटे ओळीने उभे होते. फक्त दोन्ही शेतांमधली एक पट्टी तशीच पडीक होती. चार ओगिरिसींना कोवळी पानं फुटली होती.

सावरीखाली माणसं बसलेली होती.

ओबिदिकेला वाटलं, आता काय राहिलंय? अनेने तर कधीच आला असेल. आणि खरंच, अनेने समोर बसला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. दुसऱ्या बाजूला अदाकू होती. मधे अझुका.

“अजून चाललंय?” ओबिदिकेने कडेच्या एका म्हातारीला हळूच विचारलं.

“अजून सुरूच कुठे झालंय?” म्हातारी म्हणाली. “आम्ही दिवसभर शेतावर राबतो, संध्याकाळी इथे येऊन बसतो. अझुका म्हणतो, एक जण यायचाय.”

“कोण?”

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुझे हात दाखव बघू,” ती म्हणाली. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि काही न बोलता सोडले.

अझुकाने त्याला पाहिलं होतं. हाताने जागा दाखवली. ती जागा म्हाताऱ्यांत नव्हती, ऐकणाऱ्यांतही नव्हती. अनेने आणि अदाकू यांच्यामधे होती. तंट्यातली माणसं बसतात तिथे.

“तिथे?” ओबिदिके म्हणाला. “माझा काय तंटा?”

अझुकाने हात तसाच धरला...

ओबिदिके जाऊन बसला.

सभेआधी सगळ्यांनी मिळून खायचा कोला, ते कडू फळ, फोडला गेला. त्याच्या फोडी हातोहात फिरल्या. सगळ्यांचं चावून झाल्यावर अझुकाने अनेनेकडे पाहिलं.

“हद्द हलवलीस?”

“हलवली.”

लोकांत कुजबुज झाली. कोर्टात जो थुंकला होता, तो इथे एका शब्दात हो म्हणाला.

“किती हलवलीस?”

“अकरा पावलं.”

“दहा का नाही?”

अनेनेने बायकोकडे पाहिलं. त्याच्या बायकोने मान खाली घातली.

“बारा का नाही?” अझुकाने विचारलं.

“अकराच गेली होती माझी,” अनेने म्हणाला. “पलीकडून.”

“कुठे गेली?”

“सडकेत.”

गेल्या उन्हाळ्यात साहेबाची सडक गावाच्या शेतांमधून गेली होती. अनेनेच्या शेताची एक कड तिने खाल्ली. त्याने कुणाकडे तक्रार केली नव्हती. सडकेची तक्रार कुणाकडे करायची हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

सडकेची आखणी ओबिदिकेनेच केली होती. दोरीचं एक टोक शिपायाच्या हातात होतं, दुसरं त्याच्या. अनेनेच्या शेतात खुंट्या त्याने स्वतः ठोकल्या होत्या. अनेने तेव्हा बांधावर उभा होता. काहीतरी म्हणतही होता. काय म्हणत होता? ओबिदिकेने खूप आठवून पाहिलं तरी त्याला आठवेना...

“मी विचारलं नाही,” तो म्हणाला. “हलवलीस की नाही, एवढंच विचारलं. का, ते विचारलं नाही.”

“मलाही कुणी सांगितलं नाही,” अदाकू म्हणाली. ती पहिल्यांदाच दिराकडे पाहत होती. “भावजी, मला सांगितलं असतंत तर...”

“काय सांगायचं? तू विधवा बाई. तुझ्याकडे मागायचं?”

“चोरायचं त्यापेक्षा?”

कुणीतरी हसलं. अनेनेलाही हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

मग दोघं बोलू लागली. आधी तुटक, मग भराभर. सहा पावलं ठेवा, पाच सोडा. नाही, कंद मी लावते, झावळ्या तुम्ही चढवा. अनेनेची बायको मधेच म्हणाली की पाणी द्यायचं-घ्यायचं ते आमचं आम्ही बघू. सगळं एकदम सुटलं नाही. अनेने एकदा चिडून उठला आणि पुन्हा बसला. पण बोलणं चालू राहिलं. अझुका गप्प होता.

ओबिदिके खाली मातीकडे पाहत होता. अनेनेची अकरा पावलं ही दोघं आपसांत वाटून घेतील. पण सडकेकाठी आणखी किती शेतं होती! नऊ? दहा? प्रत्येकात त्याने खुंट्या ठोकल्या होत्या.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “मी काय भरून देऊ?”

अझुकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं असेल-नसेल, तेवढ्यात सडकेकडून पावलांचा आवाज आला.

चार शिपाई होते. त्यांच्या पुढे लाल टोपी घातलेला एक तरुण. न्नाडी त्याचं नाव. ठाण्याजवळच्या गावचा, साहेबाच्या घरी कामाला होता. उमुदिमात त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि तोही कुणाला ओळखत नव्हता. धुळीने पाय गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. हातात नवीकोरी सनद होती. ती त्याने इतकी घट्ट धरली होती की कागद मधे चुरगळला होता.

“कसली सभा आहे ही?” तो ओरडला. “कुणाच्या परवानगीने?”

बोलणं थांबलं.

“मी इथला मुखिया आहे. आजपासून तंटे कोर्टात चालतील. इथे कोण मोठा आहे? त्याने उभं राहावं!”

कुणी उभं राहिलं नाही. कुणी हललंही नाही. शिपायांनी काठ्या खांद्यावरून खाली घेतल्या. अदाकूने धाकट्या मुलाला जवळ ओढलं. अनेनेचा हात आपोआप पोटाकडे गेला.

न्नाडीचा ओठ थरथरत होता. इतक्या जवळून तो ओबिदिकेलाच दिसत होता. हा घाबरलाय. आत्ता, या क्षणी, कुणी बोललं नाही तर हा काठ्या चालवायला सांगेल.

“बाबा,” ओबिदिके कुजबुजला. “याला तर कुणी काहीच शिकवलेलं नाही. याच्याशी काय बोलायचं?”

अझुकाने त्या तरुणाच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिलं. मग पाण्याचा भोपळा उचलून ओबिदिकेच्या हातात दिला.

“सरक जरा,” तो म्हणाला. “लांबून चालत आलाय तो.”